प्रत्ययांच्या वाटेने व्याकरण: तुर्की, कोलामी आणि वऱ्हाडी

व्याकरण शिकवायचे म्हटले की आपल्याकडे आधी तक्ता येतो. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ ओळी, एकवचन आणि अनेकवचन असे दोन रकाने, आणि मग प्रत्येक चौकोनातले रूप पाठ करायचे. संस्कृतसाठी हा तक्ता योग्यच आहे, कारण तिथे वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात इतकी मुरलेली असतात की यातले वचन कुठले आणि विभक्ती कुठली, हे सुटे करून दाखवता येत नाही. पण जगात अशाही पुष्कळ भाषा आहेत, ज्यांत वचनाचा प्रत्यय वेगळा, विभक्तीचा वेगळा, मालकीचा वेगळा, आणि ते ठरलेल्या क्रमाने एकामागून एक शब्दाला लागत जातात. तुर्की हे त्यांतले सगळ्यांत स्वच्छ आणि म्हणून सगळीकडे दिले जाणारे उदाहरण. अशा भाषेचे व्याकरण तक्त्याने शिकवले तर विद्यार्थी शेकडो रूपे घोकतो. प्रत्यय आणि त्यांचा क्रम यांनी शिकवले तर तीच रूपे तो स्वतः तयार करतो. हा प्रश्न तुर्कस्तानापुरता आहे असे वाटेल, पण तो यवतमाळ जिल्ह्यात दाराशी उभा आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतल्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, बोलली जाणारी कोलामी ही याच घडणीची भाषा आहे, आणि जिल्ह्याची रोजची वऱ्हाडीही आपण समजतो त्याहून या घडणीच्या बरीच जवळ आहे. यवतमाळच्या भाषांकडे जाण्याचा खरा रस्ता विभक्तीच्या तक्त्यातून जात नाही, तो प्रत्ययांच्या क्रमातून जातो, हे आजवरच्या अभ्यासाच्या आधारे दाखवणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

आधी तुर्कीची रीत नीट पाहू. ‘एव’ म्हणजे घर. त्याला ‘लेर’ लावले की ‘एवलेर’, घरे. ‘इमिझ’ लावले की ‘एवलेरिमिझ’, आमची घरे. त्यापुढे ‘दे’ आला की ‘एवलेरिमिझदे’, आमच्या घरांत. प्रत्येक तुकड्याचे काम एकच आहे आणि त्याची जागाही ठरलेली आहे: आधी वचन, मग मालकी, मग विभक्ती. क्रियापदातही तसेच. ‘गेल’ म्हणजे ये, ‘गेलदिम’ म्हणजे मी आलो, ‘गेलमेदिम’ म्हणजे मी आलो नाही, ‘गेलेमेदिम’ म्हणजे मला येता आले नाही. नकार आणि शक्यता हे दोन्ही अर्थ धातू आणि काळ यांच्यामध्ये शिरून बसतात. प्रत्ययातले स्वर मात्र मागच्या स्वराकडे पाहून बदलतात. घराला ‘लेर’ लागतो, तर ‘आट’ म्हणजे घोडा या शब्दाला ‘लार’. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त उच्चाराची जागा जुळवून घेतलेली. नवे शब्दही याच यंत्राने घडतात. ‘ग्योझ’ म्हणजे डोळा, ‘ग्योझल्युक’ म्हणजे चष्मा, ‘ग्योझल्युकच्यु’ म्हणजे चष्मेवाला, आणि आणखी एक ‘ल्युक’ लावला की त्याचा व्यवसाय. १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली आणि १९३२ साली तुर्की भाषा संस्था स्थापन झाली. त्यानंतर अरबी-फारसी शब्दांच्या जागी जे नवे शब्द आले, त्यांतले कितीतरी देशी धातूंना देशी प्रत्यय लावून घडवले गेले. ‘उच’ म्हणजे उड या धातूपासून विमानासाठी झालेला ‘उचाक’ आज सर्वांच्या तोंडी आहे. तुर्कीत व्याकरणातले लिंग नाही, अपवाद थोडे आहेत, म्हणून तिथे प्रत्ययांचे काम उघड दिसते. आपल्याला तिचा उपयोग एवढ्यासाठीच: जे तिथे उघड आहे, ते इकडे कुठे झाकलेले आहे हे शोधता यावे.

आता यवतमाळकडे येऊ. कोलामांची नोंद महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. दुसरे दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची भाषा द्राविडी कुळाच्या मधल्या शाखेतली आहे. नायकी, परजी आणि गदबा या तिच्या जवळच्या भाषा, तर शेजारी राहूनही गोंडी तिच्या वेगळ्या शाखेतली. २००१ च्या जनगणनेत देशभरात १,२१,८५५ लोकांनी आणि २०११ च्या जनगणनेत १,२८,४५१ लोकांनी कोलामी ही मातृभाषा म्हणून सांगितली. तिचा शास्त्रीय अभ्यास शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड स्टेन कोनोव यांनी तयार केला आणि तो १९०६ साली निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले होते आणि बाशीम जिल्हा मोडून पुसद त्याला जोडले गेले होते. या खंडातली एक नोंद आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. पुसद तालुक्यातली एक बोली ‘भिली’ म्हणून नोंदवलेली होती. नावावर गेले असते तर ती खानदेशातल्या भिल्लांच्या बोलीशेजारी, म्हणजे आर्यकुळात, जाऊन बसली असती. प्रत्यक्ष रूपे तपासली तेव्हा ती कोलामीच्या जवळची, म्हणजे द्राविडी, निघाली. जमातीचे नाव बदलते, शब्द उसने येतात, पण प्रत्यय आणि सर्वनामे भाषेचा मूळ सांगाडा दाखवतात, याचा याहून जवळचा दाखला जिल्ह्यात मिळणार नाही.

त्यानंतरचे मोठे काम एका मराठी माणसाचे आहे. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत होते, आणि त्यांनी आदिलाबादकडच्या कोलामीचे व्याकरण लिहिले. ते १९५० साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, १९५५ साली, मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. त्याचा पाया वर्ध्याकडची बोली हा होता, आणि पगडींची सामग्रीही त्यांनी वापरली. पुढे बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामीच्या शब्दांपुढे पगडींच्या नावाची खूण जागोजाग दिसते. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्या २००३ सालच्या द्राविडी भाषांवरील ग्रंथात कोलामीची सामग्री इतर भगिनीभाषांच्या शेजारी मांडलेली आहे. मराठीत, गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातला अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड २०१३ साली आला आणि त्याने राज्यातल्या बोलींकडे वाचकांचे लक्ष वेधले. हा सगळा वारसा पाहिला की एक उणीव टोचते. कोलामीचे सविस्तर व्याकरण वाचायचे तर इंग्रजी यावे लागते. यवतमाळमधल्या शिक्षकाच्या हाती पडेल आणि त्याच्या मराठीच्या ओळखीतून पुढे जाईल, अशी मांडणी या अभ्यासपरंपरेतून अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

कोलामीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एमेनो यांनी नोंदवलेली ही रूपे जगभरच्या ध्वनिविचाराच्या पाठ्यपुस्तकांत चर्चिली गेली आहेत. ‘किनिक’ म्हणजे मोड. ‘किंकतुन’ म्हणजे मी मोडतो, आणि ‘किनिकतन’ म्हणजे मी मोडले. ‘अयक’ म्हणजे झाडून काढ. त्याचे वर्तमान ‘अय्कतुन’, भूत ‘अयकतन’. तिसरा धातू ‘सूलुप’. त्याचे ‘सूल्पतुन’ आणि ‘सूलुपतन’. तीनही धातूंत प्रथमपुरुषाचे वर्तमान ‘अतुन’ने आणि भूतकाळ ‘तन’ने होतो, हे दोन प्रत्यय कळले की धातू कोणताही असो, रूप तयार होते. पण धातूच्या पोटात काहीतरी हलते आहे. ‘अतुन’ स्वराने सुरू होतो, तेव्हा धातूतला दुसरा स्वर नसतो: किंक, अय्क, सूल्प. ‘तन’ व्यंजनाने सुरू होतो, तेव्हा तीन व्यंजने एकापुढे एक आली असती, म्हणून मध्ये एक स्वर येतो. आणि कोणता स्वर येतो? धातूत आधी असलेल्याच जातीचा: ‘इ’नंतर ‘इ’, ‘अ’नंतर ‘अ’, ‘ऊ’नंतर ‘उ’. आता तुर्कीकडे पाहा. ‘बुरुन’ म्हणजे नाक, पण माझे नाक म्हणजे ‘बुरनुम’. ‘बोयुन’ म्हणजे मान, माझी मान ‘बोयनुम’. ‘अलिन’ म्हणजे कपाळ, माझे कपाळ ‘अल्निम’. स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की आतला स्वर निघून जातो, नाहीतर तो राहतो. आणि आता यवतमाळच्या बाजारात रोज ऐकू येणारा शब्द घ्या: कापूस. कापसाले भाव नाही, असे म्हणताना ‘पू’मधला ‘ऊ’ कुठे जातो? माणूस-माणसाला, पाऊस-पावसाला यांतही तेच. तीन वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा. एकीत स्वर आत येतो असे मानतात, दुसऱ्या दोहोंत तो गळतो असे मानतात, पण कारण एकच आहे: पुढचा प्रत्यय कशाने सुरू होतो. जो विद्यार्थी ‘कापूस’चे ‘कापसाला’ कसे होते हे प्रत्ययाच्या बाजूने समजून घेईल, त्याला ‘किनिक’चे ‘किंकतुन’ परके वाटणार नाही.

मराठीतला हा स्वरबदल दामल्यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सामान्यरूपाच्या नियमांत घेतलेला आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी पहिले मोठे मराठी व्याकरण लिहिले, तेव्हापासून सामान्यरूप हा आपल्या व्याकरणाचा कणा राहिला आहे. पण त्याच्या शेजारी आठ विभक्तींची संस्कृतची चौकट तशीच ठेवली गेली, आणि दोहोंचे कधी पुरते जुळले नाही. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या पुस्तकात याच विसंगतीवर बोट ठेवले. त्यांच्या विचाराला वऱ्हाडीतून बळकट आधार मिळतो. प्रमाण मराठीत एकवचनी ‘पोराला’, अनेकवचनी ‘पोरांना’. इथे अनेकवचन दोनदा दाखवले जाते, एकदा अनुस्वाराने आणि एकदा ‘ला’चा ‘ना’ करून. ‘पोराने’ आणि ‘पोरांनी’ यांतही तसेच. म्हणून तक्त्यात एकवचनाचा आणि अनेकवचनाचा असे दोन रकाने करावे लागतात. यवतमाळची वऱ्हाडी काय करते? एकवचन ‘पोराले’, अनेकवचन ‘पोरायले’. एकवचन ‘पोरानं’, अनेकवचन ‘पोरायनं’. एकवचन ‘पोराचं’, अनेकवचन ‘पोरायचं’. विभक्तीचा प्रत्यय जरासुद्धा बदलत नाही. अनेकवचनाची जबाबदारी मधल्या ‘य’ने एकट्याने घेतलेली असते, आणि कोणी तो ‘इ’ असा लिहिला तरी काम तेच. लोकायले, शेतकऱ्यायले, बायायले: सगळीकडे हाच क्रम. तुर्कीतले ‘एवे’ म्हणजे घराला आणि ‘एवलेरे’ म्हणजे घरांना हे ज्या पायावर उभे आहे, त्याच पायावर. गावठी म्हणून जी रूपे शाळेत लाल शाईने खोडली जातात, त्यांत प्रमाण भाषेपेक्षा अधिक नियमित व्यवस्था आहे. वऱ्हाडीला इथे कमी लेखण्याचे काही कारण नाही. तिच्याकडून शिकण्यासारखेच जास्त आहे.

आठ विभक्तींचा तक्ता कुठे पुरा पडत नाही, हे दाखवायला एकच रूप पुरेसे आहे: घरातल्यांना. यात ‘घर’, मग सामान्यरूपाचा ‘आ’, मग अधिकरणाचा ‘त’, मग संबंध जोडणारा ‘ल’, मग त्याचे सामान्यरूप आणि अनेकवचन, आणि शेवटी ‘ना’. एका विभक्तीच्या पाठीवर दुसरी विभक्ती बसली आहे. तक्त्यात याला जागा नाही, कारण तक्ता एका शब्दाला एका वेळी एकच विभक्ती देतो. म्हणून पारंपरिक व्याकरणाला ‘घरातला’ हे वेगळे विशेषण मानून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुर्कीत हेच रूप ‘एवदेकिलेरे’ असे होते: घर, त, ला, अनेकवचन, आणि ना. तुकड्यास तुकडा जुळतो. वऱ्हाडीतले ‘घरातल्यायले’ तर त्याच्या आणखी जवळ जाते. प्रत्ययांचे व्याकरण ‘त’नंतर ‘ल’ येऊ शकतो आणि ‘ल’नंतर पुन्हा वचन-विभक्तीची दारे उघडतात एवढे सांगते, आणि विद्यार्थी गावातल्यांचे, शेतातल्यांनी, बाजारातल्याला ही रूपे न शिकवता तयार करतो. कमी नियमांत जास्त भाषा सांगणे हीच व्याकरणाची कसोटी असेल, तर निर्णय स्पष्ट आहे.

शब्दसिद्धीच्या बाजूला गेले तर हीच गोष्ट आणखी रुंद होते. शेतकरी, कष्टकरी, गावकरी, वारकरी, पहारेकरी: ‘करी’ या एका प्रत्ययाने माणसाचे त्याच्या कामाशी किंवा ठिकाणाशी असलेले नाते बांधले जाते. तुर्कीत हे काम ‘चि’ करतो. ‘बालिक’ म्हणजे मासा, ‘बालिकचि’ मासेवाला. ‘कापि’ म्हणजे दार, ‘कापिजि’ दारवान. हा प्रत्यय तर फारसीच्या वाटेने आपल्या घरात केव्हाच आला आहे. मशालची, खजांची, बावर्ची या शब्दांतला ‘ची’ मूळचा तुर्की, आणि तबलजीतला ‘जी’ त्याचाच भाऊ. प्रत्यय भाषेच्या सीमा ओलांडतो, पण तो नव्या भाषेत खरा रुजला की नाही हे एकाच गोष्टीवरून ठरते: बोलणारे तो नव्या शब्दांना लावतात का? ‘ची’ मराठीत ठरावीक शब्दांपुरता राहिला, ‘जमीनदार’मधला ‘दार’ मात्र पसरला. क्रियापदांत ‘व’ हा प्रत्यय पाहा. ‘उठणे’चे ‘उठवणे’, ‘बसणे’चे ‘बसवणे’ यांत तो दुसऱ्याकडून करवतो. ‘मला चालवत नाही’, ‘आजीला उठवत नाही’ यांत तोच ‘व’ शक्तीचा अर्थ देतो. दामल्यांनी प्रयोजक आणि शक्य असे दोन वर्ग केले ते अर्थाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण वाक्यात कर्त्याची विभक्ती बदलली की अर्थ बदलतो हे दोन्ही वर्ग शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही. प्रत्ययावर बोट ठेवून पाहणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी दिसते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप कुळाचा आहे. तुर्की आणि कोलामी यांचा काही संबंध नाही, मग एकीवरून दुसरी समजावण्याचा खटाटोप कशाला? या आक्षेपामागे एक जुना अनुभव आहे. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले, तेव्हा प्रत्यय जोडण्याच्या पद्धतीतल्या साम्यावरून त्यांनी द्राविडी भाषांना तुर्की ज्यात येते अशा ‘सिथियन’ गटाच्या जवळ नेले. ते अनुमान टिकले नाही, आणि टिकायला नकोच होते. घडण सारखी असणे वेगळे आणि आजी एक असणे वेगळे. कुळ ठरते ते प्रत्ययांच्या प्रत्यक्ष ध्वनींवरून आणि त्यांच्यातल्या नियमित बदलांवरून. पुसदच्या बोलीचे कुळ तसेच ठरले. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने घडणीचे साम्यच कामाचे असते. क्रम कसा ओळखायचा, तुकडा कुठे तोडायचा, स्वर का बदलला हे प्रश्न त्याला दोन्ही भाषांत सारखेच विचारावे लागतात. तुलना नात्यासाठी नाही, पद्धतीसाठी आहे, एवढे भान ठेवले की कॉल्डवेल यांची चूक पुन्हा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी ही आर्यकुळातली, विकार होणाऱ्या प्रकारची भाषा आहे. तिच्यावर जोडणीच्या भाषांचे माप लावणे म्हणजे तिला वाकवणे नव्हे का? याचे उत्तर असे की असे शुद्ध वर्ग मुळातच नाहीत. एकोणिसाव्या शतकात भाषांची सुट्या, जोडणीच्या आणि विकारी अशी उतरंड रचली गेली आणि विकारी भाषांना वरची जागा दिली गेली. एडवर्ड सपीर यांनी १९२१ सालच्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ती उतरंड मोडून काढली आणि या बाबतीत भाषा कमी-जास्त प्रमाणात इकडे किंवा तिकडे असतात हे दाखवले. मराठीतही ‘तो गेला, ती गेली, ते गेले’ यांत लिंग आणि वचन एकाच स्वरात मुरलेले आहे. ते तोडता येत नाही, आणि तिथे तक्ताच हवा. पण त्याच मराठीत ‘घरातल्यांना’ आहे. शिवाय मराठीच्या अंगावर द्राविडी शेजाराच्या खुणा उघड आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद कोलामीत ‘आम’ आणि ‘नेंड’ असा आहे. नकार क्रियापदाच्या आत घेणे ही द्राविडी रीत तुर्कीसारखीच. मराठी नकार सुटा ठेवते खरी, पण ‘तू येत नाहीस’, ‘ते येत नाहीत’, ‘नका’, ‘नयेत’ असे त्यालाच पुरुष-वचनाचे प्रत्यय लावते. मराठीच्या घडणीवर १९२० साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे झूल ब्लोक पुढे द्राविडी भाषांच्या व्याकरणरचनेकडे वळले. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले, आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या जडणघडणीत द्राविडी भाषिकांचा वाटा शोधला. त्या वाट्याच्या प्रमाणाबद्दल मतभेद आहेत आणि ते राहणार. पण मराठीला फक्त संस्कृतच्या मापाने मोजणे हेही तिला वाकवणेच आहे, हे या सगळ्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप अर्थाचा. तुकडे केले की शब्द कळतो असे नाही. डोळ्याला ‘ल्युक’ लावल्यावर त्याचा अर्थ चष्माच होईल, हे केवळ प्रत्ययावरून कुणाला सांगता येईल? ‘वारकरी’चा अर्थ ‘वारी’ आणि ‘करी’ एवढ्यावरून कळतो, पण त्यातली परंपरा कळत नाही. हा आक्षेप मान्य करायला हवा, आणि त्यातून एक उपयुक्त भेद निघतो. वचन, विभक्ती, काळ, पुरुष यांचे प्रत्यय नियमाने चालतात. शब्द घडवणारे प्रत्यय अर्धे नियमाने आणि अर्धे रूढीने चालतात. म्हणून पहिले शिकवायचे नियमाने, दुसरे शिकवायचे शब्दांच्या कुटुंबांनी. एक मर्यादा आणखी आहे. प्रत्ययांचा क्रम कळला तरी भाषेने जगाची केलेली विभागणी आपोआप कळत नाही. कोलामीत पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी लिंगव्यवस्था आहे. पण मोजताना ती स्त्रियांना पुन्हा वेगळे काढते: तीन पुरुष म्हणजे ‘मुग्गुर’, तीन स्त्रिया म्हणजे ‘मुयल’, तीन वस्तू म्हणजे ‘मूंदिंग’. तुर्कीत यातले काहीच नाही. हे कोलामीकडूनच शिकावे लागते, आणि अशा ठिकाणी तुर्कीची तुलना थांबवणे हेच शहाणपणाचे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जिल्ह्यात सगळ्यांत जास्त ऐकू येतो: कोलाम मुलाला पुढे मराठीतच शिकायचे आहे, नोकरीचे अर्ज मराठीत भरायचे आहेत, मग कोलामीच्या प्रत्ययांत वेळ का घालवायचा? या प्रश्नातली काळजी खरी आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. पोडावरचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याकडे एक पूर्ण व्याकरण असते. त्या व्याकरणात ‘नदी’ आणि ‘झाड’ एकाच वर्गात बसतात, म्हणून ‘मोठी नदी’ आणि ‘मोठे झाड’ यांत त्याची गल्लत होणे स्वाभाविक आहे. शिक्षकाला ही विभागणी माहीत असेल तर त्याला चुकीचे कारण दिसते. माहीत नसेल तर त्याला फक्त मूल मंद दिसते. या दोहोंत त्या मुलाच्या सगळ्या शाळेचा फरक आहे. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या मार्लवाई गावी, १९४३ साली क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले आणि गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मुलाच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे जाण्याचा मार्ग आपल्या शेजारी इतक्या आधी चालून पाहिला गेला आहे. राज्यघटनेचे ३५०-अ कलम, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०२० चे शिक्षण धोरण हे तिन्ही मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची बाजू घेतात. कायदा आहे, अभ्यास आहे. त्या दोहोंना वर्गात आणणारे पुस्तक हवे आहे.

ते पुस्तक कसे असावे हे या आढाव्यातून निघते. त्याची सुरुवात विभक्तीच्या तक्त्याने होऊ नये. पहिल्या पानांवर वऱ्हाडीतले ‘पोराले-पोरायले’ आणि ‘घरातल्यायले’ असावे, म्हणजे शिक्षकाला स्वतःच्याच बोलीतला क्रम दिसेल. मग ‘कापूस-कापसाले’ आणि त्याच्याच शेजारी ‘किनिक-किंकतुन-किनिकतन’ असावे. मग कोलामीची सर्वनामे, मोजणीचे शब्द, काळाचे आणि पुरुषाचे प्रत्यय, त्यांच्या क्रमाने, प्रत्येकी भरपूर उदाहरणांसह. शेवटच्या भागात कोलामी आणि मराठी यांच्या लिंगव्यवस्थांचा फरक आणि त्यातून होणाऱ्या चुका असाव्यात. तपासणीचा अधिकार पोडांवरच्या बोलणाऱ्यांचा असावा, कारण वणीकडची आणि पुसदकडची रूपे एकच असतील असे गृहीत धरता येणार नाही. पगडींनी सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी आदिलाबादकडच्या कोलामीसाठी जे इंग्रजीत केले, ते यवतमाळच्या कोलामीसाठी मराठीत करणे हे एका विद्यापीठाच्या मराठी विभागाला, एका अध्यापक विद्यालयाला आणि पोडांवरच्या काही जाणत्या माणसांना मिळून झेपणारे काम आहे. कोलामी बोलणारी पिढी जिल्ह्यात आज जिवंत आहे. तिच्याबरोबर बसून तिचे प्रत्यय लिहून घेण्याचे काम आत्ताच सुरू करायला हवे.